घाटापुरता हीटर

हदगाव, ३ मार्च

रामलिंगराव साडू यांना शेषेरावचा रामराम.

फोन तुम्ही उचलत नाही, आणि उचललात तरी माझा आवाज ऐकून ठेवून देता. म्हणून पत्र लिहायला बसलो. माझी शाळा सातवीपर्यंत, अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं आहे, ते सांभाळून घ्या.

काही मागायला लिहीत नाही, हे आधीच सांगतो. नुसतं कळवतो आहे.

माझ्या गाडीच्या हीटरची मोटर गेली. ब्लोअरची, पंखा फिरवणारी. माघातच कुरकुरत होती. मी तेल सोडलं तर दोन दिवस गप्प बसली आणि मग जी अडकली ती अडकलीच. संगमेश मिस्त्रीनं खोलून बघितली, आत सगळा कोळसा झालाय.

आता तुम्ही हसाल. हसा. या मोटरीपायी सगळी दुनिया मला हसून राहिली आहे. परवा नांदेडला गेलो होतो. एकाही दुकानात मला पुरतं बोलू दिलं नाही.

"काका, हीटर? नांदेडात?"

"ट्रकचा हाय. मिलिटरीचा जुना ट्रक."

"मग एसी लावा की! घाम कमी पडून राहिला का तुम्हाला?"

गल्ल्यावरच्या पोरानं बाजूच्या दुकानदाराला हाक मारून बोलावलं, हा म्हातारा बघायला. मार्च लागला नाही तोच रस्त्याचं डांबर चपलेला चिकटायला लागलंय, आणि मी हीटर मागतोय. कुणाकुणाला समजावून सांगू? तुम्हाला सांगावं लागत नाही. लिलावातून आपण दोघांनी मिळून दोन गाड्या आणल्या, दोन्ही बर्फाच्या मुलखात चाललेल्या, दोन्हीत हीटर. बाकीच्यांनी काढून फेकले असते. इंजिनातलं उकळतं पाणी हीटरच्या जाळीतून फिरतं, ब्लोअर त्या जाळीवर हवा मारतो आणि तेवढी उष्णता केबिनमध्ये येते. माणसं भाजतात, इंजिन वाचतं. दर चैत्रात देवीच्या जत्रेला जाताना माहूरच्या घाटात माझी गाडी एवढी वर्षं चढली ती याच्यावर. रेडिएटर म्हातारा झालाय, त्याच्या एकट्याच्यानं होत नाही.

यंदा मोटर पाहिजेच. मागच्या चैत्रात मोटर मध्येच बंद पडली, घाटात गाडी उकळली, आणि सगळी भावकी उन्हात रस्त्याच्या कडेला उभी राहिली. तुमच्या मेव्हणीला, म्हणजे आमच्या हिला, चक्कर आली. तेव्हापासून दयानंदनं धोशा लावलाय. परवा जेवता जेवता पोरगा म्हणाला, "बाबा, शेवटचं सांगतो. येत्या चैत्रात गाडी न थांबता गडाखालच्या तळावर पोचली तर दारात राहील. उकळली तर दुसऱ्या दिवशी भंगारवाला. मी त्याला बोलून ठेवलंय."

बोलून ठेवलंय! बाप जिवंत असताना! तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही. सकाळी उठून आधी दारात बघतो, गाडी आहे ना.

तुमची गाडी चिंचेखाली उभीच आहे, हे मला ठाऊक आहे. तिच्यात मोटर असणार. मी मागत नाही. सहज आठवलं म्हणून लिहिलं.

पार्वतीबाईंना नमस्कार.

शेषेराव


हदगाव, १६ मार्च

रामलिंगराव, रामराम.

उत्तर नाही. ठीक आहे. पोस्टात गेलं असेल इकडे-तिकडे. पोस्टमनला मी रोज विचारतो, तो आता लांबूनच मान हलवतो.

इथली गंमत ऐका. संगमेश मिस्त्री म्हणाला, काका, काहून जीव काढून राहिलात, मी कारची मोटर बसवून देतो, पंखा तो पंखा. मी म्हटलं, बाबा, आपली गाडी चोवीस व्होल्टची आहे, मिलिटरीची. कारची मोटर बाराची. तो म्हणाला, होतंय हो. नातीनं, पुनमनं, मोबाइलवरून मागवली. खोकं आलं, बसवली, मी बटण दाबलं. देवाशपथ सांगतो, असा वारा आयुष्यात खाल्ला नव्हता. विमान उडतं की काय असं वाटलं. संगमेश म्हणाला, "बघा! बोललो न्हवतो?" आणि तेवढ्यात डॅशबोर्डमधून धूर. केबिनमध्ये आमची ही बसली होती, हवा कशी येते ते बघायला. पदर नाकाला लावून उतरली आणि म्हणाली, "घाटात जळून मरायचं ते दारातच मारता का?"

दयानंद ओट्यावर उभा राहून बघत होता. हसून आत गेला. बोलला असता तर बरं झालं असतं.

आता सरळ लिहितो, आडवळण माझ्याच्यानं होत नाही. तुमच्या गाडीतली मोटर द्या. तुमची गाडी चालत नाही, तिला मोटरीचा उपयोग नाही. जत्रा झाली की काढून परत पाठवतो.

तुमच्या गाडीचं इंजिन गेलं त्या चैत्राचा राग तुम्ही धरून बसला आहात, हे मला कळतं. पण तुम्हीच विचार करा. तुमची गाडी माझ्या मागं होती, वाफ मला आरशात दिसली, मी खाली उतरून ओरडलो, हीटर लावा, हीटर लावा. केबिनमध्ये तुमचे नवे व्याही बसले होते. त्यांना घाम येईल म्हणून तुम्ही लावला नाही आणि इंजिनाचं हेड तडकलं. त्यावर मी म्हटलं, "मी म्हटलं होतं." एवढंच. यात शिवी कुठं आहे? व्याह्यांसमोर म्हटलं, मान्य. पुढं बारशाला म्हटलं, बाजारात म्हटलं, तुमच्या आत्याच्या तेराव्याला विषय निघाला म्हणून म्हटलं. विषय निघाला होता, मी काढला नव्हता. आणि म्हटलं ते खरंच होतं ना?

हे वाक्य खोडणार होतो. पण खोडलं की पान घाण दिसतं.

मोटरीचं बघा.

शेषेराव


हदगाव, ३१ मार्च

रामलिंगराव,

रामराम घ्या, पण आज माझं डोकं ठिकाणावर नाही.

काल लातूरच्या एसटीतून सामान आलं. दयानंद स्टँडवरून घेऊन आला. लाल फडक्याचं गाठोडं. हातात घेतल्याबरोबर मला कळलं, हा वजनाचा गोळा म्हणजे मोटरच. कानाशी धरून हलवलं तर आत पंखा खुळखुळला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. संगमेशला फोन केला, तो जेवणावरून उठून आला.

आणि मग आमच्या हिनं फडक्यावरची चिठ्ठी वाचली. "श्री रेणुकामाता, माहूर. हस्ते केवळाबाई." हिचं नाव आहे, माझं कुठंच नाही. बरं, नसू द्या. पण वरचं फडकं सोडलं तर आत हिरवा खण, त्याची घट्ट गाठ, वरून चाचपलं तर नारळ, हळकुंड, सुपारी, तांदूळ. ओटी बांधतात तशी! मोटरीची ओटी! हे कुणाचं डोकं, तुमचं का पार्वतीबाईंचं?

मी गाठीला हात घातला तर हिनं माझ्या हातावर चापट मारली. संगमेशसमोर!

"देवीच्या नावानं आलेलं हाय. हितं न्हाई सुटायची ही गाठ."

"आगं, आत मोटर हाय!"

"आसंल. देवीला काय द्यावं ते देणारानं ठरवायचं."

"देवीला हीटर लागतो का?"

"लागतो का न्हाई ते जाऊन देवीला इचारा. देवीची वस्तू आधी देवीला. मग माणसाला."

"पण गडावर गाडी न्यायची तर मोटर आधी गाडीत बसली पाहिजे!"

"ते मला सांगू नका."

संगमेश हसत हसत पान्हे गोळा करून निघून गेला. डॅशबोर्ड उघडाच आहे. गाठोडं हिनं देवघरात ठेवलंय, रोज उदबत्ती ओवाळून राहिली. मी समोर बसतो आणि बघतो. मोटर आहे आणि मोटर नाही. असा छळ तुम्ही मुद्दाम केला का? द्यायची नव्हती तर नाही म्हणायचं होतं. तुमच्या नाहीची मला सवय आहे.

पार्वतीबाईंना विचारायला हिनं फोन केला, तर त्या म्हणतात, "आक्का, ओटी हाय ती ओटीच हाय." आणि दोघी बहिणी तासभर बोलत बसल्या. मला काही सांगितलं नाही.

चैत्रातला आपला माहूरला जायचा मंगळवार तोंडावर आला. काय करू, तुम्हीच सांगा. नका सांगू. नाहीतरी सांगणार नाहीच.

शेषेराव


हदगाव, ७ एप्रिल

रामलिंगराव, रामराम.

माझ्या डोक्यातून निघालं नसतं, हिच्या निघालं. म्हणाली, "येवढं तळमळून राहिलात तर एसटीनं जा, देवीच्या पायाशी ठेवा, तिनं परत दिली तर आणा."

म्हणजे गाडी माहूरला नेण्यासाठी मोटर आधी माहूरला न्यायची. या वयात मला ही वरात काढायला लावलीत तुम्ही.

गेलो. एसटीत मांडीवर गाठोडं. कंडक्टर म्हणाला, "काका, खाली ठेवा की." म्हटलं, ओटी आहे. "एवढी जड ओटी? देवीला सोनं वाहून राहिलात का?" सगळी गाडी माझ्याकडं बघायला लागली. मी घाबरून गाठोड्यावर उपरणं टाकलं, तर त्यांना पक्कंच वाटलं की सोनं आहे. माहूर येईपर्यंत एक माणूस माझ्या शेजारून हलला नाही. चोर होता की राखण करत होता, देव जाणे.

पायऱ्यांवर चार ठिकाणी बसलो. ऊन असं की कातळावर भाकरी भाजावी. वर पुजाऱ्यानं गाठ सोडली, नारळ बाजूला घेतला आणि थांबला.

"हे काय?"

"मोटर."

"बोअरची?"

"हवेची. गरम हवेची."

पुजाऱ्यानं खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं. "बाबा, चैत्रात आईला गरम हवा?"

मागं रांग खोळंबलेली. मी त्याला सगळं सांगितलं. ट्रक, घाट, पोरगा, भंगारवाला, तुम्ही, तुमचं न बोलणं, सगळं. रांगेतली एक बाई म्हणाली, "घेऊन टाका हो महाराज, म्हाताऱ्याचा घाम बघा." त्यानं मोटर देवीसमोर ठेवली, हळद-कुंकू लावलं, वर फूल ठेवलं आणि डोळे मिटून काही म्हटलं. मी हात जोडून उभा. खरं सांगतो, मागायला गेलो होतो आणि काय मागायचं तेच सुचेना. मग त्यानं मोटर आणि तांबूल माझ्या ओंजळीत दिलं. "प्रसाद आहे. जिथं लागते तिथं लावा."

खाली उतरताना मी एकदाही बसलो नाही.

काल संगमेशनं बसवली. आधी तो मोटर पेट्रोलनं धुवायला निघाला होता. ही ओरडली, "कुंकू पुसायचं न्हाई!" मग कुंकवासकट बसवली. बटण दाबलं. फिरली, पण हवा कशी, तर आजारी माणसानं फुंकर घालावी तशी. तुम्हाला सांगायला नको, पण सांगतो. क्षणभर मनात आलं की रामलिंगरावानं निकामी मोटर पाठवली, देवीच्या नावाखाली. हे असं पत्र लिहून ठेवलं होतं, दोन पानांचं. पोस्टाच्या पेटीपर्यंत गेलोही होतो. पेटीवर पत्र्याचं झाकण तापलेलं होतं, हात भाजला म्हणून मागं आलो. तोवर संगमेशनं दोन्ही वायरींची अदलाबदल केली होती. पंखा उलटा फिरत होता, एवढंच. आता सुलटा फिरतो. केबिनमध्ये उभं राहवत नाही असा जाळ येतो. लई बेस.

ते पत्र चुलीत घातलं. तुम्हाला कळायचं कारण नव्हतं, पण लिहून गेलो.

पुढच्या मंगळवारी निघतो. दयानंद मागून जीपमध्ये असणार, गाडी थांबते का बघायला. माझी झोप गेली आहे.

शेषेराव


हदगाव, १६ एप्रिल

रामलिंगराव,

हे पत्र सावकाश लिहितो आहे.

पार्वतीबाई सोमवारी आल्या, हे तुम्हाला ठाऊकच आहे. स्टँडवरून येताना दारातल्या गाडीपाशी थांबल्या. बहिणीला भेटायच्या आधी गाडीच्या दारावर हात ठेवून उभ्या राहिल्या. मला वाटलं, प्रवासानं दमल्या असतील.

मंगळवारी पहाटे निघालो. मागं पातेली, काठवट, लाकडं, पुरणाचा डबा. केबिनमध्ये मी आणि दोघी बहिणी. बाकीची मंडळी जीपनं. घाट लागला तसं मी बटण दाबलं. दोघींच्या पायांवर सरळ तापलेली हवा.

"आई गं! दाजी, पाय शिजले की ओ!" पार्वतीबाई म्हणाल्या.

"पारू, पाय वर घे. आन् बोलू नको, हे काट्याकडं बघून राहिलेत. काटा वर गेला की ह्यांचा जीव बी वर जातो."

आमच्या हिनं मांडी घालून पाय वर घेतले. दोघींच्या तोंडावरून घामाच्या धारा. इंजिनाच्या गरमीचा काटा लाल रेघेकडं सरकत होता. मी पहिल्या गिअरमध्ये, दात ओठांवर. वळणावर समोरून एक बस आली, थांबावं लागतंय की काय असं झालं, मी हॉर्न सोडलाच नाही. बसवाल्यानं वाट दिली आणि शिव्याही दिल्या. मग चढ ओसरायला लागला, आणि काटा रेघेला न शिवता तिथंच थरथरत राहिला. मग हळूहळू उतरला.

तळावर पोचलो. थांबलो नाही कुठं. दयानंद जीपमधून उतरला, बॉनेटवर हात ठेवला, चटका बसला म्हणून काढला.

"चढली," म्हणाला. "मान्य हाय बाबा. पर पुढच्या साली? हे असंच मोटर शोधत फिरणार? आता चांगल्या नावानिशी जाऊ द्या तिला."

म्हणजे पोरानं शब्द फिरवला. ही केबिनमधून उतरत होती, पदरानं तोंड पुसत पुसत. म्हणाली, "दया, त्या गाडीत देवीचा प्रसाद बसवलाय. तू भंगारवाल्याला बोलव. गाडी उचलायला तो आला की मी त्याला सांगते, आधी प्रसाद खा म्हणून."

"आई, प्रसाद काढून ठिवू की घरात."

"काढ. तुझ्या हातानं काढ."

दयानंद मावशीकडं वळला. "मावशी, तू तरी समजून सांग यांना. तुमची गाडी हाय की चिंचेखाली, काय कामाची?"

पार्वतीबाई पायरीवर बसून पाणी पीत होत्या. तांब्या खाली ठेवला. म्हणाल्या, "आमची गेली की दया. दिवाळीतच गेली. पोरांनी भंगारात दिली."

मी म्हटलं, "गेली? मग ही मोटर?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. गाडी न्यायला यायचे त्याच्या आदल्या दिवशी तुम्ही पान्हा घेऊन केबिनमध्ये शिरलात, दिवस मावळेपर्यंत बाहेर आला नाहीत, आणि आलात ते ही मोटर हातात घेऊन. सुनेनं विचारलं, "मामा, एवढ्या गाडीत हेच काहून काढलं?" तर तुम्ही सरळ मोटर नेऊन धान्याच्या कोठीत ठेवलीत. माझी पत्रं आली तेव्हा तुम्हीच बाजारातून खण आणलात. म्हणालात, "शेषेरावला मी देणार न्हाई. देवीला देतो. तिनं कुणाला द्यायची ते ती बघंल."

गाठ तुम्ही बांधलीत, रामलिंगराव. मी समजत होतो, पार्वतीबाईंनी बांधली.

आणि मी दोन-दोन पानं लिहून राहिलो होतो, तुमची गाडी उभीच आहे, तिला मोटरीचा काय उपयोग. मला कुणी सांगितलं नव्हतं. ठाऊक असतं तर तसं लिहिलं नसतं. मी काहीबाही बोलतो, पण एवढं वाईट बोललो नसतो. गाडी नेली तेव्हा तुम्ही कुठं होता, हे मी पार्वतीबाईंना विचारलं नाही. विचारवलं नाही.

त्या बोलत होत्या तेव्हा दयानंद ऐकत उभा होता. मग बाजूला गेला, फोन लावला. त्याचा आवाज मला ऐकू येत होता. "हॅलो... हाव, तीच. नका येऊ. न्हाई, पैशाचं न्हाई काही. घरची गाडी हाय, ठिवतो म्हटलं." परत आला आणि माझ्याकडं न बघता पातेली उतरवायला लागला.

पार्वतीबाई अजून इथंच आहेत. आज त्यांना एसटीत बसवून देतो म्हटलं तर म्हणाल्या, "दाजी, मी एकटी न्हाई जायची. न्यायला येतील तवा जाईन." आमची ही म्हणते, राहू दे तिला, आखाडापर्यंत राहू दे. मला हे दोघींचं काय चाललंय ते कळतंय. तुम्हालाही कळेल.

तेव्हा या. सकाळच्या गाडीनं निघा, ऊन लागणार नाही. डोक्याला काही बांधून या. मी ट्रक घेऊन स्टँडवर येतो. चावी तुमच्या हातात देतो, स्टँडपासून घरापर्यंत तुम्ही चालवायची. हवं तर आणखी पुढंही, जिथवर वाटेल तिथवर. क्लच थोडा वरून धरतो, ते सांगून ठेवतो, म्हणजे तिथं सांगावं लागणार नाही. मी बाजूला बसेन. काही बोलणार नाही. बोललो तर गाडी थांबवा आणि मला उतरवून द्या, मी चालत येईन.

तुमचा साडू
शेषेराव